थरथरणारी बशी

पराग कोठावदेच्या घरातल्या घरघरीची पहिली तक्रार आली ती पुण्याहून, त्याच्या साहेबांकडून. पराग नाशिकला, सातपूरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधून, एका विमा कंपनीसाठी तक्रारी ऐकायचं काम करायचा. ज्यांचे दावे फेटाळले गेलेत अशी माणसं त्याच्याशी बोलत आणि तो मऊ आवाजात, त्यांचा दावा फेटाळला जाणं कसं रास्त आहे, हे त्यांना समजावून सांगे. असल्या कामात आवाज मऊ लागतो आणि मागची बाजू शांत लागते. परागच्या मागे मात्र रोज दुपारी पिठाची गिरणी चालू झाल्यासारखा आवाज येई. साहेबांनी दोनदा गोडीत विचारलं, तिसऱ्यांदा गोडी सोडली. त्याच्या विभागातली निम्मी माणसं जाऊन त्यांच्या जागी बोलकी यंत्रं आली होती, आणि यंत्रांच्या मागे कधी गिरणी चालत नाही, असं साहेब हसत हसत म्हणाले. पराग हसला नाही.

घरघर येत होती बाहेरच्या खोलीतून, आईच्या लॅपटॉपमधून. दुपारची जेवणं उरकली की आई टेबलाशी बसून एक चित्रफीत लावायची, आणि ती लागली की लॅपटॉपचा पंखा ऊर फुटेस्तोवर धावायचा. आईला त्या आवाजाचा पत्ताच नव्हता. ती जन्मापासून कर्णबधिर होती.

परागचे वडीलही तसेच. त्यांचं नाव मुरलीधर, आणि मुरलीधराला ऐकू येत नाही यावर नातेवाइकांनी हयातभर तेच ते विनोद केले, तेही त्यांच्या तोंडावर, कारण त्यांना ते कुठे ऐकू येणार होते. ते कारखान्यात लेथवर होते. मशीनला तळहात लावून कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते ओळखायचे. घरातही सगळा कारभार हातांचा नि हादऱ्यांचा. आईला बोलवायचं तर टेबलावर थाप मारायची. तिचे हात टेबलावर असले की तिला ती थाप कळायची आणि ती मान वर करायची. घरात ऐकणारा पराग एकटाच. लहानपणी त्याचे हात आईबाबांइतकेच भराभर बोलत. मग शाळेतली मुलं त्याच्या हातांची नक्कल करायला लागली आणि त्याने हात खिशात घातले ते घातलेच. पुढे खुणा वाचून बोलून दाखवणारं ‘दुभाषी’ नावाचं ॲप आलं नि त्याची सोयच झाली. आई खुणा करी, फोन त्याच्या कानात मराठीत बोले; तो बोले, पडद्यावरची एक बाहुली आईला खुणा करून दाखवी. गेली कित्येक वर्षं मायलेकरांच्या मध्ये, ताटाशेजारी, तो फोन उभा असे.

आई लावायची ती चित्रफीत बाबांची. उपचारांसाठी ते मुंबईला बहिणीकडे राहिले होते, तेव्हा फोनसमोर बसून त्यांनी आईला पाठवलेली. तिच्यात मोठं काही नव्हतं. गॅसची नळी बदलून घे, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवू नकोस, मला बरं वाटतंय, पुढच्या आठवड्यात येतो. ते आले नाहीत. पण त्या चित्रफितीत ते आईला मधूनमधून तिच्या नावाने हाक मारत होते, आणि ते नाव दुसऱ्या कुठल्याही चित्रफितीत नव्हतं.

त्या नावाची गोष्ट सांगायला हवी. कर्णबधिर मंडळात प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं. आईचं नाव होतं गालावरचा तीळ. तर्जनी गालाला टेकवली की हेमलता. मंडळात, लग्नकार्यात, चारचौघांत बाबाही तेच वापरत. घरातलं नाव वेगळं. बाबा तिला बघायला गेले तेव्हा ती चहा घेऊन आली, नि तिचे हात इतके कापत होते की कपबशी वाजायला लागली. ऐकणारे सगळे तो आवाज ऐकून गालात हसले. बाबांना आवाज कुठला यायला? त्यांनी फक्त बशीची थरथर पाहिली. लग्नानंतर त्यांनी तिचं नाव तेच ठेवलं: डावा तळवा उताणा, त्यावर उजव्या हाताची दोन बोटं टेकवलेली आणि थरथरणारी. थरथरणारी बशी. जगात हे नाव एकाच माणसाच्या हाताला येत होतं, आणि तो हात आता त्या एका चित्रफितीत उरला होता.

परागने आधी स्वतःच उपाय करून पाहिले. लॅपटॉपच्या जाळीतली धूळ फुंकून काढली. आईने खाली हौसेने अंथरलेला क्रोशाचा रुमाल काढला, कारण हवा आत जायची वाट त्यानेच अडवली होती. मागे उघडी राहिलेली कामं बंद केली, चित्र लहान करून पाहिलं. मग खालून हवा खेळावी म्हणून रबरी पायांचा एक स्टँड आणला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर स्टँड कपाटावर, लॅपटॉप पुन्हा लाकडी टेबलावर, आणि आई शेजारी तळहात टेकून बसलेली. त्याने स्टँड परत लावला, तिने परत काढला. म्हातारपणी माणूस हट्टी होतं असं म्हणून त्याने तो नाद सोडला.

चक्रावून टाकणारी गोष्ट अशी, की बाकी काहीही लावलं तरी लॅपटॉप गप्प असे. सिनेमा लावा, क्रिकेटचा सामना लावा, पंखा हूं की चूं करत नसे. बाबांची चित्रफीत लागली की मात्र घरघर, आणि तीसुद्धा सलग नाही. मधेच चढायची, उतरायची, पुन्हा चढायची.

सिडकोत बागुलांचं दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी लॅपटॉप उघडला, पंखा साफ केला, चिपवरची सुकलेली पेस्ट खरवडून नवी लावली, आणि चित्रफीत लावून मागच्या बाजूला हात धरला. थोड्या वेळाने तो झटकन काढून घेतला.

“दादा, मशीन ठणठणीत आहे,” ते म्हणाले. “ही तुमची एक फिल्म तेवढी त्याला पचत नाही. बीजपट आहे ना? मग कंपनीलाच विचारा. आम्ही डबा उघडतो, आतलं धान्य नाही निवडत.”

बीजपट घरोघरी आले त्याला फार वर्षं झाली नव्हती. जगभरची माणसं ऊठसूट चित्रण करत सुटली होती आणि ते साठवणाऱ्या केंद्रांना वीज पुरेना, यंत्रं थंड ठेवायला पाणी पुरेना. तेव्हा हा तोडगा निघाला. चित्रफीत आहे तशी साठवायचीच नाही. तिच्यातलं फक्त बीज ठेवायचं: माणूस कोण, कुठे बसलाय, हात कुठून कुठे गेला, याचे थोडेसे आकडे. लाखो चेहरे, लाखो भिंती, लाखो हात पाहून शिकलेली एक प्रणाली घरच्या लॅपटॉपमध्ये बसलेली असते. ती ते बीज घेते आणि दर वेळी त्यातून सगळं चित्र नव्याने फुलवते. वाळवून ठेवलेली भाजी पाण्यात टाकून फुलवावी, तसं. बीजासोबत पडताळ्याचेही आकडे असतात. प्रणाली आधी आपल्या सवयीने चित्र काढते, मग ते पडताळ्याशी जुळतंय का पाहते. नेहमीचं काही असेल तर पहिल्या फटक्यात जुळतं. पूर्वी कधी न पाहिलेलं काही आलं की जुळत नाही. मग पुसायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा पुसायचं. या खटाटोपात चिप तापते आणि पंखा धावतो. लॅपटॉप तापत होता तो चित्र खऱ्याबरहुकूम उतरावं म्हणून.

बीज काढून झाल्यावर मूळ चित्रफिती पुसल्या जात. बाबांचीही पुसली गेली होती. संमती परागनेच दिली होती, न वाचता, जशी सगळ्यांनी दिली.

बीजपटाच्या कंपनीच्या मदतकक्षातून एका बाईचा आवाज बोलला. बाई खरी होती की नाही, देव जाणे. तिने सांगितलं की चित्रफितीत काही ठिकाणी हातांच्या हालचाली अनिश्चित आहेत, बोटांमध्ये बारीक कंप दिसतोय, तो बहुधा कॅमेऱ्याचा दोष असावा, आणि तो जुळवता जुळवता मशीन दमतंय. यावर कायमची दुरुस्ती होती. प्रणालीचा पहिला अंदाजच बरोबर धरायचा आणि बीज त्याप्रमाणे बदलून टाकायचं. मग झगडा नाही, ताप नाही, आवाज नाही.

“काही बदलणार नाही ना?” परागने विचारलं.

“आशयात काहीही बदल होत नाही, सर,” बाई म्हणाली. तिचा आवाज अगदी मऊ होता, आणि परागला तो ओळखू यायला हवा होता. रोज तो स्वतः त्याच आवाजात बोलत असे.

जेवताना त्याने आईला सांगितलं की लॅपटॉप दुरुस्त करतोय, आता तो तापणार नाही. बाहुलीने ते आईला करून दाखवलं. आई हातातला घास तसाच धरून थांबली, मग तो ताटात ठेवून तिने खूण केली आणि फोन त्याच्या कानात म्हणाला, “गरम असू दे.” परागला हसू आलं. नाशिकची थंडी, त्यात आईचे सांधे धरलेले. ती लॅपटॉपपाशी हात शेकते असं त्याला वाटलं. त्याने तिच्यासाठी एक लहानसा हीटर मागवला, आणि आपण आईकडे किती लक्ष देतो म्हणून त्याला स्वतःचं जरा कौतुकही वाटलं.

तसा तो अगदीच निष्काळजी नव्हता. दुरुस्तीचा नमुना आधी पाहता येत होता, तो त्याने पाहिला. बाबा तसेच दिसत होते, तोच चौकड्यांचा शर्ट, डावा खांदा तसाच जरा खाली झुकलेला. मग त्याने दुभाष्याला जुनी आणि नवी अशा दोन्ही चित्रफिती वाचायला लावून त्यांचे उतारे शेजारी शेजारी ठेवले. शब्दाला शब्द जुळत होता. जिथे आईचं नाव होतं तिथे जुन्या उताऱ्यात ‘बशी’ आलं होतं, नव्यातही ‘बशी’च. दुभाष्याला ते नाव कधी कळलंच नव्हतं; बोटांची थरथर त्यालाही कॅमेऱ्याचा दोषच वाटत आली होती. दोन्ही यंत्रं एकाच शाळेत शिकलेली, त्यांचं एकमत व्हायचंच. परागने ते हात स्वतःच्या डोळ्यांनी नीट पाहिले असते तर त्याला कळलं असतं. पण हातांकडे पाहायची त्याची सवय मोडली होती. तो उतारे पाहत होता. दुरुस्ती सर्व प्रतींवर लागू करू का, अशी विचारणा पडद्यावर आली. त्याचा पुढचा तक्रारदार तोवर लाइनवर येऊन थांबला होता. त्याने हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात चमचा पडला तरी दचकावं अशी शांतता होती. पराग सोलापूरच्या एका बाईंना त्यांच्या नवऱ्याचा दावा नियमात का बसत नाही हे सांगत होता आणि मधूनच त्या शांततेचं सुख घेत होता. तेवढ्यात बाहेर टेबलावर थाप पडली. मग दुसरी, जोरात. आईने त्याला अशी हाक मारल्याला वर्षं लोटली होती. बाईंची माफी मागून तो उठला.

आई लॅपटॉपच्या मागे हात घालून वायर चाचपत होती. शेजारी हीटर लालभडक पेटलेला, आणि तिने त्याच्याकडे पाठ केलेली. पडद्यावर बाबा बोलत होते. तिने पडद्याकडे बोट दाखवून खूण केली. फोन म्हणाला, “हा कोण आहे?”

“बाबा,” पराग म्हणाला. “बाबाच आहेत, आई.”

आईने चित्रफीत मागे नेली, बाबा तिला पहिल्यांदा हाक मारतात तिथवर. डावा तळवा उताणा, त्यावर दोन बोटं. बोटं अगदी निश्चल होती. आईच्या हातांनी भराभर काहीतरी सांगितलं आणि फोन गोड आवाजात म्हणाला, “त्यांचा हात आता स्थिर आहे.” दुखणाइताची तब्येत सुधारल्याचं सांगावं, तसं त्याने ते सांगितलं.

आईने फोन उचलला आणि टेबलावर पालथा ठेवला. मग ती नुसत्या हातांनी, लहान मुलाशी बोलावं तशी सावकाश बोलू लागली, आणि परागला इतक्या वर्षांनी आईचं बोलणं स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं लागलं. अर्धं कळलं, अर्धं जुळवून घ्यावं लागलं. हाक यायच्या आधी टेबल थरथरायचं, असं ती सांगत होती. आधी टेबल, मग ते नाव. तुझे बाबा मला टेबलावरच हाक मारायचे ना, तसंच. आज टेबल मेलंय. आज हा माणूस माझ्याकडे बघून बशी, बशी म्हणतोय. तो मला ओळखत नाही.

परागच्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. लॅपटॉप पुढचं चित्र थोडं आधीच फुलवून ठेवतो. नावाची खूण जवळ आली की तो अडायचा, तापायचा, पंखा धावायचा, आणि त्याचे हादरे लाकडातून आईच्या तळहातात जायचे. पाठोपाठ पडद्यावर नाव यायचं. ज्या घरघरीपायी त्याची नोकरी जायची वेळ आली होती, ती आईच्या हाताला बाबांची थाप होती. रबरी पायांचा स्टँड तिने का काढला, गरम असू दे असं का म्हणाली, ते सगळं त्याला एकदम समजलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मदतकक्षाची बाई तितक्याच मऊपणे म्हणाली की जुनं बीज आता उरलेलं नाही, सगळ्या प्रती बदलल्या आहेत, आणि तशी परवानगी सरांचीच आहे. मात्र एक करता येईल. ती हालचाल कोणीतरी कॅमेऱ्यासमोर करून दाखवली तर प्रणाली ती शिकेल आणि चित्रफितीतल्या हातांवर चढवेल. फरक ओळखूसुद्धा येणार नाही, सर.

परागला आशा वाटली. ती खूण पुरती ठाऊक असलेलं माणूस समोरच बसलं होतं. त्याने लॅपटॉपचा कॅमेरा चालू केला आणि मोडक्यातोडक्या हातांनी आईला सांगितलं की तू ते नाव करून दाखव, म्हणजे बाबांचा हात परत तसा होईल. तिचा डावा तळवा उताणा झाला, उजवा हात वर आला आणि तसाच थांबला. ते नाव तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. ते नेहमी तिच्याकडे येत आलं होतं. तिने दोन्ही हात खाली घेतले.

“मीच मला हाक मारू?” तिने खुणेने विचारलं. “आणि ती त्यांची म्हणून बघत बसू?”

तिने लॅपटॉप मिटला. त्यानंतर तो तिने उघडला नाही.

पराग मग आरशासमोर उभा राहून ती खूण घोटू लागला. लहानपणी त्याने ती हजारदा पाहिली होती, पण पाहणं वेगळं नि हाताला येणं वेगळं. बोटं कधी फार थरथरत, कधी नुसतीच वाजवल्यासारखी आपटत. एका सकाळी आई टेबलाशी चहा पीत बसली असताना त्याने हलकी थाप मारली. तिने सवयीने, झटकन मान वर केली. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते परागसाठी नव्हतं हे त्याला दिसलं, आणि पाहता पाहता ते मावळलंही. तरी त्याने डावा तळवा उताणा केला, त्यावर दोन बोटं टेकवली. थरथर आणायला या वेळी त्याला काही करावं लागलं नाही. हात आपोआपच कापत होते.

आईने कप खाली ठेवला. पुढे वाकून तिने त्याची ती दोन बोटं आपल्या मुठीत धरली, आणि ती कापायची थांबेपर्यंत धरून ठेवली. मग सोडून दिली. ती रागावली असती तर परागला बरं वाटलं असतं.

“तू आई म्हण,” तिने खूण केली. “ते नाव गेलं.”

वर्षअखेरच्या मूल्यमापनात साहेब खूश होते. तक्रारदारांनी परागबद्दल चांगले शेरे दिले होते. त्याच्या विभागातली आणखी काही माणसं जाणार होती, तो राहणार होता.

“तुमच्याकडे हल्ली किती शांत असतं हो, कोठावदे,” साहेब पडद्यावरून म्हणाले. “त्या आवाजाचं शेवटी केलंत काय?”

“दुरुस्त करून घेतला, सर,” पराग म्हणाला. उघड्या दारातून त्याला आई दिसत होती. टेबलापासून लांब, खिडकीशी, मांडीवर परात घेऊन ती मेथी निवडत बसली होती. टेबलावर हात ठेवायचं तिने सोडून दिलं होतं. आता तिला बोलवायचं असलं की समोर जाऊन उभं राहावं लागे, आणि ती वर बघेपर्यंत थांबावं लागे.